मागच्या बाजूचं वजन

बोटींच्या दुकानदाराचा फोन आला तेव्हा काचेच्या खोलीत एक आजोबा कानांवर हेडफोन लावून बसले होते आणि ती बाहेरून त्यांना एकेक आवाज देत होती. फोन बंद करायचा राहून गेला होता. तो टेबलावर थरथरला, आजोबांनी काचेतून तो बघितला आणि लगेच हातातलं बटण दाबलं. ऐकू आलं म्हणून नव्हे, दिसलं म्हणून. तिने ती खूण खोडली. चाचणी संपवून आलेख छापला, कानातल्या मशिनचा सेल कसा बदलायचा ते आजोबांच्या सुनेला दोनदा दाखवलं, आणि जेवणाच्या सुट्टीत जिन्यातल्या खिडकीशी उभं राहून तिने उलटा फोन लावला. दुकानदार तसा गप्पिष्ट. पण आज त्याने हवापाण्याची चौकशी केली नाही. रविवारी तो तलावाच्या कडेने चालला होता, तेव्हा ती त्याला पाण्यात, वडिलांच्या कयाकमध्ये दिसली होती. पुढच्या टोकात ते वाळूचे डबे अजून ठेवता का, असं त्याने विचारलं. ती हो म्हणाली. "ताई, बोट सपाट चालली होती," तो म्हणाला. मग त्यात काय बिघडलं, हे तिला कळेना. तेव्हा लहान मुलाला सांगावं तसं त्याने सांगितलं. "डबे पुढे, आणि तुम्ही एवढ्याशा. नाक पाण्यात खुपसायला पाहिजे तिनं. ती सपाट चालते म्हणजे मागे वजन आहे." पोटात पाणी शिरलं असणार, तो पुढे म्हणाला, आणि हे प्लास्टिक एकदा फाटलं की त्याला जोड धरत नाही. नवी बोट कधी घ्यायची ते सावकाश ठरवा, पण ही आता पाण्यात घालू नका, कापायला घेऊन या. पुढच्या आठवड्यात बघते, असं सांगून तिने फोन ठेवला. डबा उघडला, दोन घास खाल्ले. खाली रस्त्यावर दोन माणसं एक कपाट उचलून नेत होती आणि मागचा माणूस सारखा ओरडत होता की जरा हळू, सगळा भार माझ्याकडे येतोय. तिने डबा मिटून ठेवला.

वडील लिफ्ट दुरुस्त करायचे. इमारतींच्या डोक्यावरच्या त्या कोंदट खोल्यांमध्ये, ग्रीसच्या वासात, चाळीस वर्षं. लिफ्ट माणसांना ओढून वर नेते हा लोकांचा भ्रम आहे, असं ते सांगत. पलीकडच्या बाजूला लोखंडाचं वजन लटकत असतं, ते खाली येतं म्हणून माणसं वर जातात. गळ टाकायचा तो काठावरूनच. कयाक घेतली तेव्हा ते अठ्ठावन्न वर्षांचे होते आणि पंच्याण्णव किलोंचे. दहा फुटांची, पोकळ प्लास्टिकची, शेवाळी रंगाची, एका माणसाची बोट. वर उघड्यावर बसायचं, दोन्ही बाजूंना पाती असलेलं वल्हं मारायचं, गळ टाकायचा. बसायची जागा मध्यापेक्षा मागे, त्यामुळे पहिल्याच दिवशी मागचं टोक पाण्यात बसलं आणि पुढचं वर झालं. नाक वर करून चाललात, स्वभावाला शोभतंय, असं आई काठावरून म्हणाली होती. त्याच संध्याकाळी त्यांनी दोन मोठ्या बरण्यांएवढ्या डब्यांत वाळू भरली, झाकणं चिकटपट्टीने बंद केली, आणि पुढच्या रविवारी ते डबे बोटीच्या नाकात बांधले. पलीकडचं वजन. बोट सपाट झाली आणि वडील खूश झाले. आता बोटीत ती बसायची आणि तिचं वजन एकोणपन्नास किलो होतं. डबे काढायला हवेत हे तिला पहिल्या दिवसापासून समजत होतं. दर रविवारी ती ते गाडीतून काढायची, हातात धरायची, आणि जागच्या जागी बांधायची. वडिलांनी सांगितलेली एक गोष्ट तिला त्या वेळी हटकून आठवे. रिकाम्या लिफ्टचा ब्रेक सोडला तर ती खाली पडेल अशी लोकांना धास्ती असते. प्रत्यक्षात ती वर जाते. आत कुणीच नसतं आणि पलीकडचं वजन तिला उचलतं, हळूहळू, मजल्यामागून मजला, आणि प्रत्येक मजल्यावर दार धरून उभ्या असलेल्या माणसाला ती आपल्यासमोरून उजेडासकट वर जाताना दिसते. ती आठ वर्षांची असताना त्यांनी हे सांगितलं होतं. त्यानंतर बरेच महिने ती जिन्याने जायची.

नवी बोट कधी घ्यायची हा प्रश्न घरात आठ वर्षं मुक्कामाला होता. त्याला कुणी हाकलतही नसे आणि पानही वाढत नसे. उन्हं तापायला लागली की वडील दुकानात जायचे. तिथे नव्या बोटी फरशीवर मांडलेल्या असत. उंच खुर्चीच्या, पायांनी चालवायच्या, सुकाणूवाल्या. त्यातल्या एखादीत बसून ते तासभर कोरडंच वल्हं मारायचे. गिऱ्हाइकं बाजूने वाट काढून जायची. दुकानदाराने आता भाडं लावायला हवं, असं आई म्हणायची. घरी येऊन ते गुडघे चोळत सांगायचे की अजून नाही. पहिली बोट आपल्याला काय नको ते शिकवते, तिचं शिकवून झालं की मग बदलायची. दर वर्षी तिच्याकडे शिकवण्यासारखं काहीतरी शिल्लक निघायचं. एका वर्षी मागचं बूच गळायला लागलं. बोटीच्या पोटात साठलेलं पाणी काढायला मागच्या टोकाला एक बूच असतं, ते. वडिलांनी ते दोन नळ्यांतला गोंद कालवून कायमचं बुजवून टाकलं. दुकानदाराने कपाळाला हात लावला. साहेब, आत गेलेलं पाणी आता काढणार कुठून, असं त्याने विचारलं. वडील म्हणाले, बूचच बंद आहे तर पाणी जाणार कुठून? दुकानदाराने विषय सोडला. नेहमीच्या गिऱ्हाइकाशी किती वाद घालायचा.

ती बोट कधी उलटत नाही, हे दुकानदार पूर्वी सगळ्यांना सांगायचा. आता सांगत नाही. अकरा महिन्यांपूर्वी एका रविवारी वडील सकाळी सातला पाण्यात उतरले. डॉक्टरांच्या अंदाजाने आठच्या सुमाराला त्यांचं हृदय थांबलं. त्यांना काठावर आणलं तेव्हा पाच वाजले होते. मधले नऊ तास ते बोटीत ताठ बसून होते, पाणकणसांच्या बेटाशी, हनुवटी लाइफ जॅकेटच्या गळ्यात टेकलेली, हातात रॉड. काठावर माणसं होती. एका कुटुंबाने दिवसभर त्यांच्यासमोर चटई अंथरली होती. कुणालाही वावगं वाटलं नाही, कारण गळ टाकून बसलेला माणूस असाच बसतो. नंतर त्या कुटुंबातल्या बाईने पोलिसांना सांगितलं की ते एवढे शांत होते, की आम्ही मुलांना गप्प बसवत होतो. ते वाक्य तिने कागदावर वाचलं होतं. इतर सगळं पचवता आलं, ते वाक्य आलं नाही. तिला त्या नऊ तासांचं काय करावं ते कळेना. माणूस गेला ती वेळ एक, आणि गेला हे कळलं ती वेळ दुसरी. मधल्या वेळात तो कुणाचा असतो? त्या दिवशी दुपारी बारा वाजता ती एका मैत्रिणीबरोबर पडदे निवडत होती. तिने फिकट निळे घेतले. वडील गेलेले होते आणि तिने निळे की राखाडी यावर पाऊण तास घालवला, आणि त्या पाऊण तासात वडील होते.

चौथ्या महिन्यात ती बोटीत बसायला लागली. पोहायला येत होतं, वल्हं मारणं दोन रविवारांत जमलं. मासे धरायची तिला आवड नव्हती. पण नुसतं बसलेल्या माणसाकडे लोक बघतात आणि रॉड धरलेल्याकडे बघत नाहीत, म्हणून तीही वडिलांचा रॉड धरून बसायची. आमिष लावायची नाही. पाणकणसांशी जाऊन थांबायचं आणि पाण्याचा वास, ओल्या दोरीचा वास, तापलेल्या प्लास्टिकचा वास घेत बसायचं. तिथेच एकदा तिला मागे आवाज आला. टक. पाठीला लागून, बसायच्या जागेच्या अगदी मागे, पोकळीच्या आत. कुणी बोटाच्या पेराने हलकेच वाजवावं तसा. ती वळली. मागे काही नव्हतं, बोटीचं टोक आणि पाणी. बऱ्याच वेळाने परत टक. आवाजाचं मोजमाप हा तिचा धंदा होता, तेव्हा तिने मनात नोंद केली: वरच्या पट्टीतला, फार बारीक, निरोगी कानालाच येईल असा. वडिलांना तो कधीच आला नसता. ती नोंद करून तिला बरं वाटलं, आणि पुढच्या रविवारी ती आवाजाची वाट बघत बसली.

वडिलांच्या कानांची चाचणी तिने स्वतःच घेतली होती. काचेच्या खोलीत बसून ते प्रत्येक आवाजाला बरोबर बटण दाबत होते, एकही चुकत नव्हते, आणि घरी मात्र बेल वाजलेली त्यांना कळत नसे. तिसऱ्यांदा चाचणी घेतल्यावर ते हसायला लागले. "आवाज द्यायच्या आधी तुझा खांदा हलतो," ते म्हणाले. मग तिने खुर्ची फिरवली आणि पाठ करून आवाज दिले. आलेखाची रेघ पायऱ्या उतरल्यासारखी खाली गेली. काही ठिकाणी तर तिने आवाजच दिला नव्हता आणि त्यांनी बटण दाबलं होतं. असं पुष्कळ जण करतात. शांततेत माणूस फार वेळ नुसता बसू शकत नाही, त्याला वाटतं आपली पाळी येऊन गेली. दुकानदाराच्या फोनच्या दुसऱ्या दिवशी, शेवटचा पेशंट गेल्यावर, ती स्वतः त्या खोलीत जाऊन बसली. दार ओढून घेतलं. त्या खोलीत बाहेरचं काही येत नाही, थोड्या वेळाने आपल्या रक्ताचा आवाज तेवढा येतो. समोर काचेपलीकडे तिची रिकामी खुर्ची होती, मशिन बंद होतं. तिने हेडफोन लावले आणि हातात बटण घेतलं, कशासाठी ते तिलाही सांगता आलं नसतं. आपण किती वेळ बसलो ते तिने मोजलं नाही. मशिन बंद असताना बटण दाबलं तर कुठेच काही उमटत नाही, तरी तिचा अंगठा खाली गेला. नंतर तिने तो अंगठा निरखून बघितला. आवाज आधी आला होता की अंगठा आधी गेला होता, ते तिला ठरवता येईना.

रविवारी ती गेली. दुकानदाराचं म्हणणं तिने झिडकारलं नव्हतं. ते तिला पटलंही होतं, पाण्याचंच वजन असणार. चाकांच्या गाड्यावरून काठापर्यंत नेताना बोट जड लागत होती आणि आत काहीतरी मागून पुढे, पुढून मागे हलत होतं. एकदा शेवटचं जाऊ, असं तिने स्वतःला सांगितलं. आणि डबे जागच्या जागी बांधले. पाणी स्थिर होतं, उन्हं कोवळी होती. पाणकणसांशी पोचल्यावर बोट आपसूक थांबली, जशी नेहमी थांबायची. टक. तिने श्वास धरला. आता दुसरा यायला किती वेळ लागतो ते बघायचं होतं. पाठीच्या मणक्यांना बसायच्या जागेचा पट्टा लागत होता आणि पट्ट्यापलीकडे कुणीतरी तिच्याइतकंच निश्चल राहून तिचा अंदाज घेतंय असं तिला वाटलं. भीती नव्हती. उलट एक प्रकारची सभ्यता होती त्यात, दोघांनीही आधी न बोलण्याची. मान हलवली तर आवाज हुकेल म्हणून तिने मान हलवली नाही. डोळ्यांसमोर एक पाणकणीस होतं, त्याची सावली डावीकडे पडली होती. मग ती उजवीकडे होती.

खांद्याला काहीतरी टोचलं. मोटारबोटवाला बांबूचं टोक तिच्या खांद्याला लावून उभा होता, आणि त्याचा चेहरा असा झाला होता की तिने आधी त्यालाच विचारलं, काय झालं म्हणून. तो खालीच बसला. तलावाची देखभाल करणारा हा माणूस, वडिलांना यानेच काठावर आणलं होतं. "चार हाका मारल्या," तो म्हणाला. "म्हटलं, परत तेच झालं की काय." साडेतीन वाजले होते. ती सातला उतरली होती. तिच्या मांडीपर्यंत पाणी होतं आणि तिला ते गार लागलं नव्हतं. बोटीचं मागचं टोक पाण्याखाली गेलं होतं, पूर्ण. बोटं रॉडभोवती पांढरी पडली होती, एकेक सोडवावी लागली. मोटारबोटवाल्याने तिला आपल्याकडे ओढून घेतलं, कयाक दोरीने मागे बांधली आणि काठाकडे वळला. काठावर चार-पाच माणसं होती, खुर्च्या टाकून बसलेली. त्यांच्यातल्या एकाने तिला विचारलं, गळाला काही लागलं का आज?

वडील गेल्यापासून ती आईकडेच राहत होती. कपडे बदलून आली तेव्हा आई खिडकीशी बसून एका पँटची किनार दुमडत होती. दोन इमारतींतली माणसं आईकडे कपडे लहान-मोठे करायला देत. तिने रविवारांबद्दल आईला कधी सांगितलं नव्हतं आणि आईने विचारलं नव्हतं. शनिवारी एवढंच विचारायची, उद्या जेवून जाणार की येऊन? आज जेवण ओट्यावर झाकून ठेवलेलं होतं, एकाच माणसाचं. आईने दोरा दाताने तोडला आणि वर न बघता बोलायला लागली, जणू मघाचंच बोलणं पुढे चाललं होतं. त्या दिवशी आईने वडिलांना दोन वाजता फोन केला होता. फोन वाजत राहिला. तिला वाटलं मासा लागला असेल, हात मोकळे नसतील. तिने परत केला नाही, त्यांना मध्येच फोन केलेला आवडायचा नाही. मग भाजी गार होऊ नये म्हणून ती मंद आचेवर ठेवून दिली आणि विसरून झोपली, भाजी करपली, आणि जाग आल्यावर तिला फक्त भांड्याचं वाईट वाटलं. "तू गेलीस की मी धरूनच चालते," आई म्हणाली, "की तू यायची नाहीस. तेवढं मग सोपं जातं." तिने सुईत नवा दोरा ओवला. पहिल्या प्रयत्नात ओवला गेला नाही, दुसऱ्यांदा गेला. "आलीस की मला परत सगळं पहिल्यापासून करावं लागतं."

ती ताटावरचं झाकण काढून उभी राहिली. नऊ तास आपल्याकडेच होते, असं ती आजवर समजत होती. आईकडेही ते होते, आणि वर दर रविवारी ती आईला आणखी आठ-नऊ देत आली होती. ती जेवली. भांडी घासली. मग आईसमोरच तिने दुकानदाराला फोन केला आणि विचारलं, शनिवारी कापाल का?

दुकान तलावाच्या रस्त्यावरच होतं, मागे वर्कशॉप, त्याच्या मागच्या दारापलीकडे गवत आणि पाण्याकडे उतरत जाणारी चारी. धोक्याची झालेली बोट दुकानदार विकत नसे, कुणाला फुकटही देत नसे. मालकासमोर मधोमध कापायचा, म्हणजे ती कुणाच्या मोहाला बळी पडून परत पाण्यात जाणार नाही. मालकाने एक टोक धरायचं असा त्याचा नियम होता. लोक रडतात, त्याने आधीच सांगून ठेवलं, मोठमोठे मिशाळ लोक रडतात, संकोच करू नका. आधी त्याने तिला चीर दाखवली. मागच्या टोकाच्या कडेला, तळापासून चार बोटं वर, जिथे बोट तलावाकाठच्या मांडणीच्या लोखंडी पट्टीवर वर्षानुवर्षं घासली होती. नखाएवढी रुंद. बोटीत कुणी बसलं की ती चीर पाण्याखाली जायची, रिकामी असली की वर राहायची, म्हणून काठावर कधी गळताना दिसली नाही. आणि बूच साहेबांनी बुजवलेलं, तो म्हणाला. तिने मागचं टोक धरलं. धरा घट्ट, असं म्हणून त्याने करवत लावली.

प्लास्टिकचा भुसा बर्फासारखा तिच्या चपलांवर पडत होता. तिच्या तळहातांत सगळी बोट थरथरत होती. करवत अर्ध्यात आली आणि टक झालं. तिने दुकानदाराकडे बघितलं. त्याने करवत थांबवली होती. त्यालाही ऐकू आलं होतं, हे तिने त्याच्या मानेवरून ओळखलं. या माणसालाही ऐकू आलं. इतक्या महिन्यांत तिने हा विचारच केला नव्हता, की आवाज दुसऱ्या कुणाला यावा. दुकानदार दबक्या आवाजात म्हणाला, "थांबवू का?" ती म्हणाली, "नको. पुरं करा."

बोट दुभंगली तेव्हा फरशीवर बादलीभर काळं पाणी ओतलं गेलं, त्याचा वास बंद खोलीचा होता, आणि त्या पाण्यातून काहीतरी वळवळत बाहेर आलं. साप म्हणून दुकानदार मागे सरला. ती वांब होती, मासाच. सापासारखी लांब, बोटभर जाड, रंग उडालेली, पोटाकडे जवळजवळ पांढरी. चिरेतून आत आली असेल तेव्हा ती दोऱ्याएवढी असणार, दुकानदार म्हणाला. वाढली, आणि मग बाहेर पडता येईना. आत पाणी येत होतं, पाण्यातून खायला येत होतं, अंधार तर होताच. डोकं आपटत बसली असेल. तो हे स्वतःलाच समजावत होता. तिने वाकून दोन्ही हातांनी वांब उचलली. हाताला ती थंड नव्हती, बुळबुळीत होती, आणि अंगापेक्षा खूप जड वाटली. बादलीत सोडली तेव्हा ती तळाशी एकदा फिरली आणि थांबली. मागच्या अर्ध्या तुकड्यात आत, सगळ्या भिंतींवर, एका विशिष्ट उंचीवर प्लास्टिक घासून गुळगुळीत झालं होतं.

नवीचं काय करू, दुकानदाराने विचारलं. साहेब ज्या बोटीत बसून बघायचे, ती बाजूला काढून ठेवू का? ती म्हणाली, ती नको. पुढच्या महिन्यात येते, सगळ्यांत बसून बघते, मला काय हवंय ते मला अजून माहीत नाही. त्याने मान हलवली आणि पुढे गिऱ्हाईक आलं म्हणून गेला. तिने आईला फोन लावला. आईने पहिल्याच घंटेला उचलला.

तिने सांगितलं की कापून झाली. आत वांब निघाली, आई, एवढी मोठी.

"जिवंत?" आईने विचारलं.

"हो."

"कशात ठेवलीस?"

"बादलीत."

"मग झाकण ठेव वर," आई म्हणाली. "चाळीस वर्षं त्यांनी आणलेले मासे निस्तरलेत मी. वांब बादलीत राहत नाही."

ती वळली. बादली जागेवर होती आणि तिच्यातलं पाणी अजून डुलत होतं. फरशीवर बोटाएवढी ओली रेघ होती, दोन तुकड्यांच्या मधून, उंबऱ्यावरून, मागच्या दाराबाहेर. ती दारात गेली. वारा नव्हता, गवत उभं होतं. फक्त चारीच्या दिशेने एका ओळीत ते मिटत आणि उघडत खाली चाललं होतं. मग तेही थांबलं. तिने कान दिला. दूर कुणीतरी गाडी चालू करत होतं, दुकानात कुणीतरी हसलं. तिच्या मागे काही नव्हतं.

"ऐकतेस ना?" आईचा आवाज आला. "आहेस ना तू?"

"आहे," ती म्हणाली. आईला नीट ऐकू जावं म्हणून तिने फोन तोंडाजवळ घेतला. "आहे, आई. निघते आता. जेवायला येते."